तिखट झोंबते का?

माझं काम लोकांच्या तोंडात बॅटरी धरायचं होतं. सत्तावीस वर्षं धरली. सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या विभागात मी परिचर होतो. खुर्ची पुसायची, चिमटे-आरसे उकळायचे, थुंकायचं भांडं धुवायचं, आणि डॉक्टर तोंडात पाहत असले की बॅटरी धरायची. ऐकायला सोपं वाटतं. धरून पाहा. डॉक्टरचं डोकं आडवं येतं, पेशंटची जीभ आडवी येते, आणि उजेड पाहिजे असतो शेवटच्या दाढेच्या मागे. हात जरा हलला की डॉक्टर खेकसणार. माझा हलत नव्हता. माझ्या हाताखालून नऊ डॉक्टर गेले असं मी म्हणतो, तर लोक हसतात. पण खरं आहे. डॉक्टर बदलून जातात, बॅटरीवाला तिथंच राहतो.

शाळा सातवीपर्यंत झाली. शुद्धलेखन मुलीनं पाहिलं आहे, वाक्यं माझी आहेत.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुळशीरामभाऊ, शिबिरांतल्या गमती लिहा. गमती आहेत, लिहितो. पण हो म्हटलं ते दुसऱ्या कारणानं. माझी बायको गिरजा दोन वर्षांआधी कॅन्सरनं गेली. जिभेच्या मुळाशी झाला होता. गावात म्हणतात, चोरून खर्रा खात असेल. ती खात नव्हती. उभ्या जन्मात तिनं खर्रा, तंबाखू, सुपारी काही तोंडात घातलं नाही. हे मला छापून पाहिजे होतं.

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा चालतो. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि गालात धरतात. पोरगा खातो, बाप खातो, पोरगी दाखवायला आलेले पाहुणे खातात. बायका दातांना तंबाखूची नस, म्हणजे पूड, घासतात. मग तोंडात डाग येतात. ते पाहायला हिवाळ्यात आमची शिबिरं निघायची. जीपमध्ये घडीची खुर्ची, आरशांचा डबा आणि कापसाचं बंडल टाकायचं. ब्रह्मपुरीकडची धानाची गावं, वैनगंगेपलीकडचं जंगल, दुसऱ्या टोकाला जिवतीचा डोंगर. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली की झाला दवाखाना.

पेशंट बसला की डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत पहिलं काम मी करायचो. विचारायचं, तिखट झोंबते का? तोंडाच्या आतली कातडी बिघडायला लागली की सगळ्यांत आधी मिरची सांगते. गाठ यायच्या कितीतरी आधी. कधी कधी डाग डोळ्यांना दिसायच्याही आधी. माणूस म्हणाला, हो जी, आजकाल भाजी पाण्यात धुऊन खातो, की समजायचं आत काहीतरी आहे. हा प्रश्न मी किती हजार लोकांना विचारला असेल, सांगता येत नाही.

मग तीन बोटं. पेशंटनं स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायची. चांगल्या तोंडात जातात. सुपारीनं गाल आतून दोरीसारखे आवळले असतील तर दोन जातात, पुढं पुढं एकही जात नाही. जिवतीकडच्या एका म्हाताऱ्याची दोनच गेली. तो मलाच म्हणाला, "माही बोटं कापूस येचून येचून जाड झाली भाऊ. तुही घालून पाह्य."

"बाबाजी, मी काऊन घालू तुमच्या तोंडात?"

त्याची बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "मी घालतो नं, अख्खा हात घालतो. पाच वर्षं झाले, भाकर भिजवून भिजवून चारून राह्यली याले. अन् हा म्हणते, बोटं जाड हायेत!"

पांढरा डाग दिसला तर डॉक्टर तो पट्टीच्या कापडानं पुसून पाहतात. पुसला गेला तर बुरशी असते, औषधानं जाते. पुसला गेला नाही तर तो आमच्या कामाचा. लाल डाग पांढऱ्यापेक्षा वाईट. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे नीट ध्यानात ठेवा. डाग म्हणजे कॅन्सर होऊ शकतो अशी जागा. पुष्कळ डाग तसेच राहतात, काही खाणं सोडलं की जातात, थोडे बिघडतात. कोणता बिघडणार हे नुसत्या डोळ्यांनी मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढायचा, औषधाच्या बाटलीत टाकायचा आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

तो पोचवायचं काम माझं. बाटल्या फुटू नयेत म्हणून मी जेवणाच्या डब्यात कापूस भरून त्यात त्या बसवत होतो. एसटीत डबा मांडीवर. एकदा बाजूच्या बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, "काय आणलं भाऊ डब्यात? लय वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, "अकरा लोकांचे गाल."

ती उठली ती चंद्रपूर येईपर्यंत कंडक्टरजवळ उभी राहिली. त्यानंतर तो कंडक्टर मला मागची सीट राखून ठेवायचा. माझी सोय म्हणून नव्हे, बाकीच्या पॅसेंजरची.

आता माझी चूक सांगतो.

शिबिरात रांग मोठी आणि डॉक्टर एक. संध्याकाळच्या आत परत निघायचं, कारण रस्ता जंगलातला. म्हणून मी एक पद्धत काढली. रांगेच्या तोंडाशी उभं राहायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, खर्रा खाता? नस घासता? विडी? हो म्हणेल तो इकडे बसेल. नाही म्हणेल तो घरी जाईल. अर्धी रांग तिथंच कमी. डॉक्टर खूश झाले. दुसऱ्या दवाखान्याच्या लोकांनीही ती पद्धत उचलली. मला अभिमान होता. कितीतरी बायांना मी म्हटलं असेल, "तुम्ही काही खात नाई नं बाई? मंग कायले उभ्या राहता? जा, धान पडलं असल घरी." त्या बिचाऱ्या चपला घालून जायच्या.

तिखट झोंबते का, हे मी खाणाऱ्यांनाच विचारत होतो. न खाणाऱ्यांना नाही.

गिरजा तर खर्र्याची दुश्मन. आमच्या मुलीच्या, मायाच्या लग्नात व्याह्यांनी मांडवात पुडी सोडली, तर हिनं सगळ्यांसमोर ती त्यांच्या हातातून घेतली आणि चुलीत टाकली. व्याही दोन वर्षं बोलले नाहीत. जावयानं मात्र खर्रा सोडला. आता भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहतात, जावई अजून सांगतो, सासूच्या भीतीनं सुटला म्हणून. आमच्या घरी कोणी खर्रा घेऊन आलं तर ती म्हणायची, "बाहेर थुका, गुळणी करा, मंग या. माह्या घरात मानसं येतात, पिचकाऱ्या नाई येत."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक नवीन मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी एक अभ्यास हाती घेतला. तोंडातल्या डागांत एचपीव्ही नावाचा विषाणू सापडतो का, ते पाहायचं. मला नाव पाठ व्हायला आठवडा लागला. मॅडमनं मला समजेल असं सांगितलं.

"तुळशीरामभाऊ, हातावर चामखीळ येते ना? ती एका विषाणूनं येते. हा त्याच खानदानातला. यांच्यात पुष्कळ जाती आहेत. बहुतेक गरीब असतात. एक-दोन वाईट. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो यांच्यामुळं. आणि आता घशातल्या, जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पण सापडतात."

मी विचारलं, "म्हणजे खर्रा सुटला का मॅडम?"

"अजिबात नाही. आपल्याकडचे बहुतेक डाग खर्र्याचेच. पण काही डागांत हा पण सापडतो. तो काही करतो की नुसता बसलेला असतो, हे अजून नक्की माहीत नाही. म्हणून तर पाहायचं."

हे मी मुद्दाम लिहिलं. कोणी हा लेख दाखवून खर्रा निर्दोष आहे म्हणेल, तर तो खोटं बोलतो.

विषाणू जातो कसा, तर माणसांच्या जवळच्या संबंधातून. म्हणून फॉर्मवर तसले प्रश्न होते. पुरुषांना ते मी विचारायचे असं ठरलं. मी खाली मान घालून वाचत होतो. लग्नाआधी कोणाशी संबंध होते का, लग्नानंतर बाहेर कोणाशी, किती जणींशी. एका बागायतदारानं शांतपणे उलट विचारलं, "घरची धरून का सोडून?" एक भजनी म्हातारा उठूनच गेला आणि दारातून ओरडला, "दात दाखवाले आलो होतो, पाप दाखवाले नाई!" मी पण मनातून हसत होतो. विचारणाऱ्याला हसू येतं.

अभ्यासाला न खाणारे लोक पण पाहिजे होते, तुलना करायला. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ज्यांना डाग नाही, काही खाण्याची सवय नाही, असे आणा." मी आयुष्यभर तेच लोक घरी पाठवलेले. मी म्हटलं, "बिनडाग तोंड पाहिजे नं मॅडम? माह्या घरीच हाय. सोमवारी आणतो."

गिरजा यायला तयार नव्हती. "मले काय झालं? मी कायले आ करू?"

"तुले काही नाई झालं म्हणूनच तं बलावलं. नमुना म्हणून."

"मी का वांगं हाय, नमुना दाखवाले?"

पण आली. चांगलं लुगडं नेसून, केस विंचरून आली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहा मॅडम, ही माही बायको. हिनं जन्मात सुपारी पण खाल्ली नाई."

मी बॅटरी धरली. दात चांगले. गाल गुलाबी, कापसासारखे मऊ. तीन बोटं सहज गेली. मॅडम म्हणाल्या, "सुंदर." मग त्यांनी कापडाच्या तुकड्यात जिभेचं टोक धरलं, जीभ बाहेर ओढली आणि एका बाजूला वळवली. मागच्या कडेला, जिथं जीभ घशाला मिळते, तिथं चिंचोक्याएवढा लाल डाग होता. त्यावर पांढरे ठिपके, मीठ सांडल्यासारखे.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, उजेड."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणा डॉक्टरला मला तसं म्हणावं लागलं.

मग त्यांनी गिरजेला विचारलं, "बाई, तिखट झोंबतं का?"

"वर्ष होऊन गेलं मॅडम," गिरजा म्हणाली. "म्हणून तं मी भाजीत मिरचीच टाकत नाई."

आमच्या घरी वर्षभर फिकी भाजी होत होती. वांगं फिकं, वरण फिकं, लाखोरीच्या डाळीत मिरचीचा वास नाही. मी ताट सरकवून म्हणायचो, "हे काय दवाखान्यातलं जेवन करून राह्यली?" ती म्हणायची, "वय झालं आता तुमचं. पोट बिघडते मंग." मला वाटलं, माझ्या पोटासाठी करते. मी वरून ठेचा घेऊन खायचो, तिच्यासमोर बसून. एकदा ती म्हणाली होती, जिभेले मागं काहीतरी लागते. मी पाहिलंसुद्धा नाही. "जिभेले दात घासत असल," म्हटलं आणि दवाखान्यातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून दिल्या. बॅटरी खिशात होती. माझ्या खिशात बॅटरी नेहमीच असायची.

मी लोकांना जे विचारत फिरत होतो, त्याचं उत्तर ती रोज दोन वेळा माझ्या ताटात वाढत होती.

तुकडा काढला. या वेळेस डब्यात एकच बाटली होती. एसटीत मी मागच्याच सीटवर बसलो.

रिपोर्ट आला. पेशी पुष्कळ बिघडलेल्या होत्या, पण अजून आत शिरलेल्या नव्हत्या. म्हणजे कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीची पायरी होती. आणि तो विषाणू सापडला. मी विचारलं, "म्हणजे त्यानंच केलं?"

मॅडमनं मला आणि गिरजेला समजावून सांगायला सुरुवात केली. सापडणं वेगळं आणि करणं वेगळं. मला ते आमच्या भाषेत समजलं. मी म्हटलं, "मॅडम, पंजासारखं हाय हे. गाय मेलेली सापडली अन् बाजूले वाघाचा पंजा उमटलेला असला, तरी फॉरेस्टवाले लगेच वाघानं मारली म्हणून लिहत नाई. गाय सापानं मेली असल अन् वाघ नुसता तिथून गेला असल. ते मानेवरचे दात पाहतात."

"बरोब्बर," मॅडम म्हणाल्या. "विषाणू सापडला हा पंजा. दातांची खूण पाहायला दुसरी तपासणी आहे. ती पण केली. थोडी खूण दिसते. पण त्यानंच केलं असं मी शंभर टक्के लिहून देणार नाही. तोंडाच्या बाबतीत आम्हालाच पुरतं माहीत नाही. हा डाग घशाच्या इतका जवळ आहे म्हणून संशय जास्त."

मग नवऱ्याचा फॉर्म भरायचा होता. दुसऱ्या एका डॉक्टरनं मला विचारलं, मी लोकांना विचारत होतो तेच प्रश्न, त्याच क्रमानं. लग्नाआधी कोणाशी? मी म्हटलं, नाही. त्यांनी 'नाही' वर खूण केली.

खोटं होतं ते. नोकरी लागायच्या कितीतरी आधी, लग्न व्हायच्या आधी, मी गडचिरोलीकडे बांबूच्या कूपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या हद्दीत, तोडाईला होतो. दोन हंगाम. तिथं एक बाई होती. नाव लिहीत नाही, तिचीही पोरंबाळं असतील. मी दुसऱ्यांच्या उत्तरांवर हसत होतो आणि माझी पाळी आली तेव्हा मला एक खरा शब्द बोलता आला नाही.

डाग कापून काढला. सव्वा वर्ष गिरजा चांगली होती. भाजीत मिरची परत आली. मला वाटलं, सुटलो. मग मानेत गाठ आली. तपासलं तर जिभेच्या मुळाशी, खोल, कॅन्सर. नागपूरला शेक सुरू झाले, म्हणजे रेडिएशन. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही दोघं राहत होतो. तिच्या तोंडात फोड आले, थुंकी आटली. तांदळाची पेज पाव वाटी प्यायला तिला अर्धा तास लागायचा. दुपारी ती पेज पीत बसलेली असताना मी म्हटलं, "गिरजा, एक सांगाचं हाय."

"सांगा नं."

सांगितलं. कूप, ती बाई, फॉर्मवर लिहिलेलं खोटं, सगळं. तिनं वाटी खाली ठेवली. बोलायला तिला त्रास होत होता, एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखा यायचा.

"चाळीस वर्षांआधीचा पंजा," ती म्हणाली. "पान्यानं धुपला का राह्यला, कोणाले मालूम? मॅडमले मालूम नाई, तं तुमाले कसं मालूम?"

मी वाटी परत तिच्या हातात दिली.

"तवा सांगतलं असतं, तं मी भांडली असती," ती म्हणाली. "आता ताकद नाई." मग पेजेचा एक घोट घेऊन म्हणाली, "मायाच्या बाबा, एक करजा. मी खर्रा खात होती म्हणून कोणी म्हटलं, तं मले नाई चालनार. जे हाय ते सांगजा."

"मंग लोक मलेच काहीबाही म्हणतीन."

"म्हणू द्या. तुमाले बोलता येते नं."

तीन महिन्यांनी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, जेवणं झाली. माझी मोठी वहिनी, भावाच्या मागं तीच आमच्या घरातली वडील, बायकांत बसली होती. बाई मनानं वाईट नाही. ती म्हणाली, "एवढी खर्र्याच्या नावानं कोकलत होती बिचारी. अन् चोरून खात असल का जी? नाई तं असा रोग कायले होते?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. मी बॅटरीवाला. मी सांगेन ते त्यांनी खरं धरलं असतं. मी म्हणायला पाहिजे होतं, वहिनी, तिनं काही खाल्लं नाही, तो दुसरा रोग आहे. मग त्यांनी विचारलं असतं, कोणता? कशानं होतो? आणि मग सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहणार. मी पाण्याचा गिलास उचलला आणि बाहेर मांडवात गेलो.

गप्प राहिलो म्हणजे खरं असलंच पाहिजे, असं गावानं धरलं. खर्र्याच्या ठेल्यावरची पोरं म्हणायला लागली, बॅटरीवाल्याची बायकोच खर्र्यानं गेली, आता आमाले काय शिकवते? आणि पुडी घेऊन निघायची. हे माझ्या कानानं ऐकलं. जिनं व्याह्याच्या हातातली पुडी चुलीत टाकली, तिच्या नावावर पोरं खर्रा खात होती.

मी मॅडमकडे गेलो. रिटायर होऊन तोवर वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तरी गेलो. म्हटलं, फॉर्मवर खोटं सांगितलं आहे, खोडून खरं लिहा. त्यांनी कपाटातून फॉर्म काढला, रेघ मारली आणि बाजूला लिहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "असं किती जणांनी सांगितलं असेल भाऊ, हाच आमचा प्रश्न आहे." मग मी मुख्य विचारलं. माझ्याकडून गेला का?

"ते काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. कोणाकडून आला, कधी आला, कोणी सांगू शकत नाही. तुमच्याकडून असेल, नसेल. तो आलेला होता आणि तिच्या शरीरातून गेला नाही, एवढंच आपल्याला दिसलं." एका ताटात जेवल्यानं होत नाही, हेही मी विचारून घेतलं, कारण गावात तेही म्हणतील. या विषाणूची मुलींना जी लस देतात, ती नातीला दिली. माझं तोंड पण मॅडमनं पाहिलं. काही नाही. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, सांगता येत नाही.

त्यांनी कोणाकडून ते सांगता येत नाही म्हटलं, ते मी ऐकलं. उशीर कोणाकडून झाला, ते मला कोणी सांगायची गरज नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याच गावात शिबिर झालं, समाजमंदिरात. मॅडमच होत्या. मी बॅटरी घेऊन गेलो. आता एकच रांग असते. खाणारा, न खाणारा, सगळे. संध्याकाळ झाली तर झाली, दुसऱ्या दिवशी परत यायचं, असं मॅडमनं लावून दिलं आहे.

वहिनी दारातून डोकावली आणि वळायला लागली. "मी तं काही खात नाई भाऊजी. मी कायले बसू? तुमीच तं वापस पाठवत होते."

"पाठवत होतो. चुकत होतो."

"अन् मंग?"

रांगेत पंधरा-वीस बायका होत्या. ठेल्यावरची दोन पोरंही होती. मी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "गिरजा पण काही खात नव्हती वहिनी. तिच्या डागात एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. तो मानसाकडून मानसाले लागते, नवराबायकोच्या संबंधातून. त्यानंच केलं का, ते डॉक्टरलेही पक्कं मालूम नाई. माह्याकडून आला असल, तेही होऊ शकते. खर्रा तिनं नाई खाल्ला. हे मी त्याच दिवशी विहारात सांगाले पाहिजे होतं. नाई सांगतलं."

एका पोरानं तोंडातलं थुंकायला बाहेर जाऊन यायला बराच वेळ लावला. मॅडम खाली पाहून आरसे पुसत होत्या. वहिनी येऊन खुर्चीत बसली, पदर सारखा केला. मी बॅटरी लावली.

"तिखट झोंबते का वहिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गिरजेले इचारलं होतं का हे?"

"नाई वहिनी," मी म्हटलं. "तिले नाई इचारलं. आ करा."